कॉम्प्युटरचं कुंकू

कॉम्प्युटर दुरुस्त करणं सोपं आहे रे, मावशीला समजावून दाखव! तिचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली आणि सरगूरहून आलेलं गिऱ्हाईक पत्रिकांसाठी समोरच बसलेलं. मी नवी डिस्क बसवली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला घेतलं, तर कॉम्प्युटरने लायसन्सचा नंबर मागितला. नंबर कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या स्टिकरवर, आणि स्टिकरवर दरवर्षीच्या दसऱ्याच्या आयुधपूजेचं कुंकू, बोटभर जाड!

मी ओलं फडकं उचललं, तशी मावशी ओरडली, "अय्यो, बेडा, नको! दुकानाच्या लक्ष्मीचं कुंकू पुसतोस?"

"खालचा नंबर वाचायचाय, मावशी."

"मग दुसरा कुठला तरी टाक."

"तो चोरीचा होईल."

"चोरीचा नकोच. पण कुंकू पुसायचं नाही!"

गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं. तेवढ्यात आतून काका म्हणाले, "अगं, तुझ्या लक्ष्मीची हार्ड डिस्क गेली ना? म्हणजे नवराच गेला तिचा! मग पुसू दे की!"

मावशी आत गेली. मी पटकन पुसलं, नंबर टाकला, कॉम्प्युटर चालू! वळून बघतो तर मावशी कुंकवाचा करंडा घेऊन उभी.

"आता काय?"

"नवी डिस्क बसवलीस ना? सरक, लावू दे!"

आणि लावलं कुठे? बरोब्बर त्याच स्टिकरवर!