दहापैकी पाच

— हो, पण आधी ऐका तर खरं. त्या दिवशीसुद्धा तुमच्यासारखंच एक गिऱ्हाईक इथेच उभं होतं, हीच निळी डबी हातात धरून, आणि त्यानंही हेच विचारलं, की अहो, या महागड्या वायरीनं खरंच आवाजात फरक पडतो का? मंगळवार होता, साडेअकराचा सुमार. मी एका रेडिओचं पोट उघडून बसलो होतो. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. वहिनी होत्या. ‘भावजी, दुकान बंद करून या.’ एवढंच म्हणाल्या. एरवी आमच्या वहिनी मला दुकान सोडू नका म्हणून दटावणाऱ्या — तेव्हा काय ते कळलंच. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, ‘नाही पडत फरक,’ आणि शटर ओढलं. आता बघा, दादा गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द कुठले, तर हे.

बसा ना. स्टूल डुगडुगतं, पण पाडत नाही. वायर कुठे पळून जाते?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पियानो जुळवायचा. संगीतशाळेतले सगळे त्याच्याच हातचे. कान म्हणजे काय सांगू — चहाच्या कपाला चमचा लागला तर कुठला सूर ते सांगायचा आणि वर वहिनींना म्हणायचा, कप बदल गं, तडा गेलाय. आणि खरंच गेलेला असायचा! आम्ही दोघं एकाच घरात वाढलो, पण कान त्याच्या वाट्याला गेले आणि हात माझ्या. माझं सगळं मीटरवर. मीटर बोलला तर खरं, नाही तर मनाचे खेळ. त्याच्याकडे आईची एक टेप होती. आई शिवणकाम करता करता गुणगुणते आहे, त्यानं गुपचूप भरून ठेवलेली. ती ऐकायला प्लेअरपासून ॲम्पपर्यंतची हातभर वायर मी त्याला स्वतः बनवून दिली होती. चांगली वर्षभर वापरली. मग एक दिवस कुठून तरी ही असली निळी डबी घेऊन आला, आणि माझ्या तोंडावर म्हणाला — रागानं नव्हे हो, अगदी सहज — ‘तुझ्या वायरीत आई दाराआडून गुणगुणते रे. हिच्यात समोर बसते. श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो, मधेच खुर्ची सरकते.’

लागलं मला. का लागू नये? तीस वर्षं हेच करतोय. म्हटलं, दादा, तुला गंडवलंय कुणीतरी. तांबं ते तांबं. तो म्हणाला, तांब्याचं तू बघ, मी आईचं सांगतोय. म्हटलं, मग होऊन जाऊ दे परीक्षा. रविवारी त्याच्याच घरी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी पाठीमागे. दहा वेळा टेप लावणार, मनाला येईल ती वायर जोडणार. त्याची वाटली तर त्यानं उजवा हात वर करायचा, माझी वाटली तर डावा. बरोबर आलं की मी कागदावर खूण करत होतो. तो शाळेतल्यासारखा ताठ बसलेला, मानेवरचे केस पिकलेले — इतका वेळ त्याची मान मी कधी बघितली नव्हती. सहाव्या वेळी उजवा हात वर केला आणि लगेच म्हणाला, ‘चुकलो बहुतेक. असू दे, लिही.’ चुकलाच होता. तेवढंच एक.

नऊ. दहापैकी नऊ बरोबर.

हसू नका, सांगतो. मी कागदाची घडी घातली, खिशात टाकला आणि म्हटलं, पाच. नाणं उडवलं असतंस तरी पाच आले असते.

का म्हणजे? मला वाटलं, त्यानं आरशातबिरशात बघितलं असेल. तिथे आरसा नव्हता. मग वाटलं, आठवड्यानं सांगू, दोघं हसू. तो भांडेल असं धरून चाललो होतो मी! तो भांडलाच नाही. ‘पाच का? बरं,’ म्हणाला, आणि त्याची वायर गुंडाळून डबीत ठेवली. चहा झाला. पुढच्या महिन्यात संगीतशाळेत सांगून आला, की आता कान राहिले नाहीत, दुसरा माणूस बघा. वहिनींनीच मला सांगितलं — भांड्यांचा आवाज झाला की विचारतात, हे बरोबर वाजतंय का गं? आता वहिनींना काय कळणार, त्यांचा आणि सुराचा छत्तीसचा आकडा. आपल्या त्या म्हणायच्या, हो, बरोबर. मी मान डोलावली. म्हटलं, रविवारी जातो, सांगतो. कधी पाहुणे असायचे, कधी तो झोपलेला असायचा, कधी माझीच पावलं कोपऱ्यावरून वळायची. असे सात महिने गेले, साहेब.

तो गेल्यावर वहिनींनी टेप न्यायला सांगितली, तिच्याबरोबर दोन्ही वायरीही दिल्या. इथे, या टेबलावर, मी माझ्या वायरीच्या टोकाच्या पिनेचं टोपण फिरवून उघडलं. एका बाजूचा जोड कोरडा होता. म्हणजे वरून सोल्डर चढलेलं दिसतं, पण आत तार धरलेली नसते, नुसती टेकलेली असते. मीटर लावा, खुशाल ठीक म्हणतो. आवाज मात्र अर्धा आतच राहतो. माझा जोड. शिकाऊ माणूसही करणार नाही असला. मी मीटर लावून त्याला देऊन टाकली होती — कानाला लावून नव्हती बघितली.

जोड पक्का केला. आता दोन्ही सारख्याच वाजतात. निदान मला तरी. पण माझ्या कानांचं काय घेऊन बसलात? आणि ही परीक्षा एकट्याला देता येत नाही हो, पाठीमागे कुणीतरी लागतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्या भिंतीकडे तोंड करून बसतो, टेप लावून. आई गुणगुणते. खुर्ची सरकते. ती टेपमधली की इथली ते काही केल्या ठरत नाही. वळून बघत नाही मी. हात वर करतो — कधी उजवा, कधी डावा. मागे कुणीतरी लिहून घेत असल्यासारखं वाटतं.

तुम्ही जरा... दहा वेळा फक्त, दोन वायरी आलटून पालटून... नको. राहू द्या. खोळंबलात तुम्ही.

ही साधी न्या. फरक पडत नाही. जोड मी दोनदा तपासलाय, कानानंसुद्धा. नाही, पिशवी नाहीये. आणि जाताना दार ओढून घ्या, त्याची बिजागरी वाजते — कुठल्या सुरात ते विचारू नका, ते सांगणारा गेला.

काय? कागद? आहे ना, खिशातच आहे. घडीवर विरलाय. नऊ खुणा स्पष्ट दिसतात.

त्याला सांगायचं राहिलं.