हिरवं पाकीट

—नाही, पिवळं नाही चालत, लाल तर मुळीच नको. हिरवंच हवं, नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं — हिरवा दिवा म्हणजे मशीन चालू, इतकं साधं आहे. शिवाय त्या कुरकुऱ्यांचं नावच 'शहाण्यासारखं वाग'. आणि तारीख बघून आण, संपलेली नको. हसू नकोस, शिन-रू, मशीन नीट चालावं म्हणून सगळ्या तैवानात मशीनवर हे पाकीट ठेवतात, इस्पितळातसुद्धा. मी पीएच.डी.च्या सातव्या वर्षाला आहे, लोखंडी पुलांचे जोड थकून कसे तुटतात ते शिकलोय, माझा काय विश्वास असणार — पण ठेवायचं. लॅबमधल्या नव्या मुलीचं काम ते. तुझ्याआधी पेई-शानचं होतं.

कोण म्हणजे — होती एक. हुशार, प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. दोन वर्षांपूर्वी हे मशीन माझा जोड वाकवत होतं, खाली-वर, खाली-वर, पाच आठवडे, नऊ लाख फेऱ्या — आणि एक दिवस जेवून येऊन बघतो तर वेळेआधीच जोडाचे दोन तुकडे, सगळी चाचणी वाया. त्सेंग सरांनी मशीनभोवती दोन चकरा मारल्या, वरचं पाकीट काढलं, उलटं केलं. तारीख चार दिवसांपूर्वी संपलेली. 'सापडलं कारण,' म्हणाले, गमतीनंच. सगळे हसले, मीही हसलो. मग हसणं थांबलं, तरी सगळे पेई-शानकडेच बघत राहिले. तिनं प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन, वाकून माफी मागितली. माझ्याकडे दोनदा आली — जोड माझा होता ना. मी म्हटलं, असू दे, होतं असं. मोठ्या मनानं. महिन्याभरात शिक्षण सोडून गेली. ताइचुंगला कुठल्याशा कारखान्यात स्क्रू तपासते म्हणे.

तसं पाकिटानं काय होतं? काही होत नाही. मशीनला मर्यादा लावलेली असते, जोर तिच्यापलीकडे गेला की ते आपोआप थांबतं. ती उगाचच लागून मशीन सारखं थांबायचं, मला वैताग आला होता, म्हणून जेवायला जाताना मी ती — म्हणजे कोणीतरी काढून ठेवली असेल, आणि परत लावायची राहिली असेल. माणूस आहे, राहतं. शुक्रवारी माझी शेवटची तोंडी परीक्षा आहे, आता ते उकरून काय मिळणार कुणाला? सात वर्षं गेली माझी. आई भाजीबाजारात सांगून बसलीय मुलगा डॉक्टर होणार म्हणून, दोघीतिघी गुडघे दाखवायला तयारसुद्धा आहेत.

तुला सरांनी पहिलं काम काय दिलंय, तसं? मशीनच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या नोंदी लावायचं? — हां. मर्यादा कोणी काढली, किती वाजता काढली, नावानिशी असतं त्यात. बरोबर. दोन वर्षांपूर्वीच्याही वाचल्यास? सगळ्या?

मग मघापासून पाकिटाचा रंग कसला विचारतेयस मला.

सरांना दिल्यास का? — अजून नाही. बरं. आण ते पाकीट इकडे, आज मी ठेवतो. तू जा, जेवून ये, सावकाश ये. कॉम्प्युटर तेवढा बंद करू नकोस, चालूच राहू दे. जा ना. — वहीत काय लिहितेयस?