बाकांवर येणारी सावली

जुलैच्या उन्हात स्पेनमधलं सेव्हिया शहर तापून निघालं होतं. बसची वाट पाहत आरासेली चौकातल्या बाकाच्या अजून उन्हात असलेल्या टोकाला बसली. हा चौक तिच्या वडिलांनी आखलेला. मागच्याच आठवड्यात ते गेले. शेजारी सावलीत दोन म्हाताऱ्या हातपंखे हलवत बोलत होत्या.

"एन्कार्ना, ही बाकं झाडांपासून इतकी लांब मांडणारा तो कोण होता, आठवतं का गं?"

"होता कुणी पालिकेतला. तेव्हा झाडं म्हणजे नुसत्या काड्या. माझा नवरा म्हणायचा, या शहाण्यानं आपल्याला भाजायला बसवलंय."

"माझ्या भावानं तर त्याला तोंडावर विचारलं होतं, तुमच्या घरी सावली उलटी पडते का म्हणून."

"मग?"

"हसला. म्हणाला, झाडं वाढू द्या, मग दुपारची झोप काढून या."

"आणि आता बघ. झोप काढून बाहेर पडावं, तोवर सावली येऊन बसलेली असते. एक बाक चुकवत नाही."

"घरात भिंतींना हात लावू देत नाही ऊन. हा चौक नसता, तर मागच्या उन्हाळ्यातच मी गेले असते."

"तू कसली जातेस. मला पोचवूनच जाशील."

"त्यानं कधी पाहिलं असेल का गं, आपण सगळ्या इथे बसलेल्या?"

"कोण जाणे."

बस आली, थांबली, निघून गेली.

"पोरी, तुझी बस गेली की."

"जाऊ द्या, आजी."

"मग अशी उन्हात काय बसलीस? सरक इकडे, जागा आहे."