बाभळीचे रूळ

अरे, यंत्राने कष्ट वाचतात हे मी कलकत्त्याहून शिकून आलो, पण आईला कोण पटवणार? मनगटं सुजली तरी पूजेचं लुगडं ती हातानेच पिळायची. मी आणलेलं, दोन रबरी रुळांतून कपडे पिळायचं यंत्र बाकीच्या धुण्याला मीच फिरवायचो.

"रबराला माझं सोवळं लावू?" ती म्हणायची.

वर्षभरात रबरी रूळ झिजले. मी हरणार नव्हतो. यंत्र उचलून कोल्हारच्या सुताराकडे नेलं.

"बाभळीचे बसवू की, लाटन्यावानी," तो म्हणाला. "लई टिकत्याल."

नवे लाकडी रूळ आईने निरखले, स्वतः धुतले, लुगडं घालून दांडा फिरवला. पाणी खळकन गळलं. मी आनंदाने पुढे धावलो.

"लांब हो!" आई कडाडली. "अंघोळ न करता सोवळ्यातल्या यंत्राला शिवतोस?"