पट्ट्यासोबत आणखी काय बदलायचं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वर्कशॉपचे मालक, व्यासपीठावर विराजमान झालेल्या प्रमुख पाहुण्या नर्सबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे हाताचं ग्रीस घासून काढून इथे जमलो आहोत ते आज निवृत्त होणारे आमचे मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी स्टोअरची बाई. एकवीस वर्षं सुट्या भागांच्या खिडकीआड बसते आहे, त्यामुळे तुमच्यापैकी काही जणांनी मला आज पहिल्यांदाच अख्खी पाहिली असेल. मिस्त्रींबद्दल बोलायला मीच का, असं मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडण तुमचंच झालंय." अध्यक्ष महोदय, मी नाकारत नाही.

भांडायचं कारण काय? बाकीचे लोक खिडकीशी येऊन वस्तू मागतात. मिस्त्री यायचे ते परत करायला. मी गाडीच्या कामाचं कार्ड बघून पट्टा, टेन्शनर, रोलर, पाण्याचा पंप, ऑइल सील असा सगळा संच मांडून ठेवायचे. अर्ध्या तासाने दोन खोकी परत. "हे नको, गाडीतलं चांगलं आहे." मी पुन्हा नोंदी खोडायच्या. आणि कधी मी नुसता पट्टा दिला, की हे दारात उभे! "बाई, रोलर कुठाय?"

वहिनी, तुम्हाला हे घरी ऐकून पाठ झालं असेल, पण पाहुण्यांसाठी सांगते. इंजिनाच्या एका बाजूला झाकणाखाली दातेरी पट्टा असतो. तो रोलरवरून फिरतो, टेन्शनर त्याला ताणून धरतो, पाण्याचा पंपही तोच फिरवतो, आणि ऑइल सील तेल बाहेर येऊ देत नाही. तो चालता चालता तुटला, तर पुष्कळ गाड्यांमध्ये इंजिन आतल्या आत ठोकर खाऊन निकामी होतं. म्हणून तो ठरावीक किलोमीटरला बदलायचा. इथपर्यंत वाद नाही. वाद पुढे आहे. पट्ट्यापर्यंत पोचायला अर्धी गाडी सोडावी लागते. मग एवढं उघडलंच आहे तर आजूबाजूचं काय काय बदलायचं? सगळं बदलणारे आहेत. काहीच न बदलणारेही आहेत. दोघांनाही एक सोय आहे, डोकं चालवावं लागत नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी आजच्या प्रमुख पाहुण्या आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आल्या. ही पहिलीच भेट. आधीच्या गॅरेजने पट्ट्याच्या नावाखाली त्यांचं अर्धं इंजिन बदललं होतं, त्यामुळे बाई तयारीनिशी आल्या होत्या. खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "फक्त पट्टा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. संध्याकाळी गाडी हवी."

मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि त्यांना आत बोलावलं. "बाई, बोट लावा. हा रोलर फिरवा."

बाईंनी फिरवला. "खरखरतोय."

"आता हा टेन्शनर."

"हाही थोडा."

"आणि हे सील बघा. कोरडं आहे. हे मी बदलणार नाही."

बाईंचा चेहरा जरा सैलावला. तेवढ्यात मिस्त्रींनी पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं. खाली वाळलेल्या पाण्याचा पांढरट ओघळ होता. "हा मात्र बदलावा लागेल."

आता कबुलीजबाब माझा. पंप स्टोअरमध्ये नव्हता. यायला दोन दिवस लागणार होते. मी खिडकीतून ओरडले, "गळत तर नाहीये ना आत्ता! बसवा आणि द्या!" मालकही तेच म्हणाले. बाई म्हणाल्या, "मी लिहून देते, माझ्या जबाबदारीवर द्या. मला रोज डोंगरावरच्या नऊ वस्त्यांवर जावं लागतं. वर एका पोरीचे दिवस भरत आलेत, तिचा रक्तदाब वाढतोय."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "बाई, सही तुम्ही कराल हो. पण चढावर पंप अडकला आणि पट्टा तुटला, तर गाडी काय सहीने ढकलायची?"

तुम्हाला वाटेल, बाई कौतुकाने हसल्या. कसल्या हसतात! अशा संतापल्या की मी खिडकीचं दार अर्धं ओढून घेतलं. मग मिस्त्री एवढंच म्हणाले, "दोन दिवस मी तुम्हाला माझ्या गाडीतून नेतो." मालकांना म्हणाले, "माझी रजा लिहा." आणि खरोखर निघाले. मालक, त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते मी व्यासपीठावरून सांगत नाही.

दोन दिवस मिस्त्री त्या रस्त्यावर गाडी चालवत होते. बाई घरोघरी जाऊन बाळांची वजनं करायच्या, औषधं द्यायच्या, आणि हे वजनकाटा उचलून मागे मागे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोरीचा रक्तदाब इतका वाढला की तिला तडक खाली आणावं लागलं. मागच्या सीटवर ती, तिची सासू आणि बाई, पुढे मिस्त्री. बाई सांगतात, एवढी वळणं होती, पण पोरीला एकही गचका बसला नाही. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप. मिस्त्रींनी याबद्दल आमच्याकडे चकार शब्द काढला नाही. आम्हाला कळलं ते बाईंकडून.

तिसऱ्या दिवशी पंप आला. बाई गाडीशेजारी उभ्याच होत्या. मिस्त्रींनी जुना पंप काढला, पुसला, फिरवला, उजेडात धरला. पुन्हा फिरवला. मग मान वर करून इंजिनात वर कुठेतरी बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता आणखी काहीतरी मागणार.

ते वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पंप चांगला आहे. ओघळ वरच्या पाइपाचा होता, तो आवळणारी क्लिप सैल झालीय. ते पाणी पंपावर उतरत होतं. पाच मिनिटांचं काम. मी वर बघायला हवं होतं. माझं चुकलं."

वर्कशॉपमध्ये सगळे हात थांबले. सांगा, कोणाला कळलं असतं? जुना पंप भंगारात टाकून नवा बसवला असता, तर बाईंनी आभारच मानले असते!

बाई म्हणाल्या, "वीस वर्षं दवाखान्यात काढली मी. मोठमोठ्या माणसांच्या हाताखाली काम केलं. हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं." आणि लगेच, "आता उघडलंच आहे तर नवाच बसवा. मी सांगतेय म्हणून."

त्या दिवसापासून बाईंची गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती गेलेली नाही. आणि आमच्या कार्डावर एक रकाना वाढला, तो मिस्त्रींनी भांडून वाढवला: गाडी कुठे जाते, कोण चालवतं. ते म्हणायचे, "त्या रस्त्यावरून दोन दिवस गेलो तेव्हा मला कळलं. काय बदलायचं ते नुसतं झाकण उघडून कळत नाही." मित्रहो, या वर्कशॉपची आज जी पत आहे ती यंत्रांमुळे नाही, त्या रकान्यामुळे आहे. हे मी छाती पुढे काढून सांगते.

आता काल सकाळची गोष्ट, आणि मग मी बसते. मिस्त्रींच्या जागी उद्यापासून ज्या मुख्य मिस्त्री होणार आहेत, त्या आमच्या धाकट्या मिस्त्री, तिकडे तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसल्यात. काल त्यांच्याकडे पट्ट्याचंच काम होतं. मिस्त्री शेजारी उभे होते. तिने विचारलं, "काका, सील बदलू का?" हे म्हणाले, "तू सांग." तिने सील बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "नाही बदलत." मिस्त्रींचा हात पुढे गेला, मी खिडकीतून पाहिला, आणि मुकाट खिशात गेला.

नंतर ते खिडकीशी आले. हातात सीलचं खोकं, परत करायला. म्हणाले, "मी असतो तर बदललं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती जुनं कार्ड काढून वाचून आली होती. सील गेल्याच वर्षी बदललंय. मी कार्ड वाचलंच नव्हतं." मग खोकं माझ्याकडे सरकवून असे काही हसले, की एकवीस वर्षांत मी तसं हसू पाहिलं नव्हतं. "बाई, आता मी गेलो तरी चालेल."

मिस्त्री, ते खोकं मी जमा करून घेतलं. न भांडता.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, वेळात वेळ काढून आलेल्या पाहुण्यांचे आणि इतकी वर्षं या माणसाला आमच्यासाठी मोकळं सोडणाऱ्या वहिनींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं गुपित फुटलं असेल, तर खिडकीतल्या बाईला समोर उभं राहून बोलायची सवय नाही असं समजून पदरात घ्या. नमस्कार.