रिव्हॉल्व्हर ठेवायचं कुठे?

खेळण्यातलं एवढंसं रिव्हॉल्व्हर, पण ते लपवण्यावरून आम्ही किती भांडलो म्हणून सांगू! नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या ‘बर दुबई’ भागात आमच्या मराठी मंडळाचं नाटक होतं. मी सासू, शेवटी व्हिलनवर अचानक रिव्हॉल्व्हर रोखणारी. व्हिलन म्हणजे आमचा दिग्दर्शक समीरच.

कमरेला पट्टा बांधला की साडी फुगायची. पायाला बांधलं की मी लंगडायचे. एका तालमीत तर ते खण्णकन खाली पडलं आणि सगळे खो-खो हसले.

समीर म्हणाला, "वहिनी, पर्समध्ये ठेवा, खलास!"

"घरात कुठली सासू पर्स घेऊन फिरते? मी नऊवारी नेसणार."

"अहो, नाटक दुबईत घडतं!"

"मग सासू व्हिजिट व्हिसावर आलीय!"

माझी आई चाव्या, चंची, अडकित्ता सगळं नऊवारीच्या ओच्यात, पोटाशी खोचलेल्या घोळात घेऊन दिवसभर राबायची. कधी काही पडलं नाही.

प्रयोगात समीर गरजला, "म्हातारे, तू काय करणार?" मी ओच्यातून आधी सुपारी काढून तोंडात टाकली, मग रिव्हॉल्व्हर काढलं. पठ्ठ्या संवादच विसरला, हात वर करून उभा! टाळ्या थांबेनात.

पुढच्या नाटकात रिव्हॉल्व्हर हीरोकडे होतं. समीर हळूच येऊन विचारतो, "वहिनी, आपल्या इथल्या मीना बाजारातला टेलर पँटला ओचा शिवून देईल का हो?"