द्वारा छगनभाई सायकलवाले

साल पंच्याण्णव. सिल्वासाच्या स्टँडवर अथालच्या बससाठी उभा होतो. पुढे शाळेतल्या एक बाई आणि कारखान्याच्या खाकी शर्टातला एकजण बोलत होते.

“झुंबर, पार्सलात काय?”

“बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड. आईनं धुळ्याहून पाठवलेत.”

“पत्ता छगनभाईंच्या दुकानाचा? ते पाडून तिथं कॉम्प्लेक्स झालं ना?”

“पोस्टमनला माहीत आहे. तो टोकरखाड्याला खोलीवर आणून देतो.”

“मग आईला नवा पत्ता कळव की.”

“नको, बाई. मी भाईंजवळ आहे म्हणून ती निश्चिंत आहे. इथं आलो तेव्हा आठ महिने त्या दुकानातच झोपलो. सकाळी भाई घरून चहा घेऊन यायचे, मग दुकानाच्या फळ्या काढायचे.”

“आणि हे बिबडे अथालला कुणाला?”

“भाईंनाच. आता मुलाकडे राहतात. अर्धे बिबडे आई त्यांच्याच नावानं बांधते.”

“तिनं दुकानाचं विचारलं तर?”

“दर पत्रात विचारते. मग भाई सांगतात तसं लिहितो.”

“काय सांगतात?”

“‘लिख, दुकान बराबर चलता है. तेरी खटिया भी उधरच है.’”